राखणदाराची सायकल

१० नोव्हेंबर १९८५, रविवार

कालपासून डायरी लिहायला घेतली असती, पण काल मूड नव्हता. काल दुसरा लाल शेरा बसला.

कंपनीचा गेट सातला बंद होतो. गेटच्या आत टाइम ऑफिसचे कर्णिक लाल पेन्सिल घेऊन बसलेले असतात. अंधेरी स्टेशनवरून एम.आय.डी.सी.ची बस भरून येते आणि भरलेलीच निघून जाते, यात माझा काय दोष? कर्णिक म्हणाले, "गावडे, प्रोबेशन फेब्रुवारीअखेर संपतंय. तिसरा शेरा बसला तर तुमची फाइल मी वर पाठवणार नाही." आवाज अजिबात चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं.

मिल बंद पडल्यापासून मी काय काय केलं ते लिहीत बसत नाही. आता कुठे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या या कंपनीत तपासणी खात्यात लागलोय. काम झकास आहे. व्हॉल्व्हला केसाएवढी चीर असली तरी माझ्या नजरेतून सुटत नाही, हे खात्यात सगळ्यांनी मान्य केलंय. पण वेळेवर पोचलो तर ना!

सुगंधा आज परत म्हणाली, "वर्सोवा इथून किती लांब हो?" अंधेरीच्या या आंबोलीत राहायला येऊन सहा वर्षं झाली, लग्नालाही तेवढीच, आणि अजून समुद्र बघितला नाही असं तिचं म्हणणं. माहेर मोचेमाडला, घराच्या मागच्या दारात लाटा, तेव्हा तिला तसं वाटणारच. मी म्हटलं, परमनंट होऊ दे, मग सगळं. गाव, समुद्र, नवा स्टोव्ह, सगळं.

उपाय एकच दिसतोय. सायकल.

१३ नोव्हेंबर

अंधेरी मार्केटमधल्या सीतारामच्या दुकानात जाऊन आलो. बरोबर खात्यातला जयवंत होता, त्याला स्वतःला सायकल येत नाही पण मतं पुष्कळ आहेत. त्यानं मला गिअरवाल्या रेसिंग सायकलपुढे उभं केलं. वाकडं हँडल, पातळ टायर, मागे पाच चकत्या. "पूल चढताना लोण्यासारखी जाईल," म्हणाला.

दुकानाबाहेर एक चक्कर मारून बघितली. सीटवर बसलं की नजर थेट स्वतःच्या गुडघ्यावर. गिअर बदलला, चेन उतरली, मी टोमॅटोच्या हातगाडीला टेकलो. हातगाडीवाला बरंच काही बोलला.

घरी सांगितलं तर सुगंधा म्हणाली, "गिअर म्हणजे बिघडायला आणखी पाच वस्तू." हे मात्र मला पटलं. एकच चकती असावी, पायडल मारलं की चाक फिरावं, चेन आपल्या जागी राहावी. रोजच्या माणसाला रोजची सायकल. चोवीस इंची, काळी, मजबूत, पुढे दांडा, मागे कॅरिअर. दुधवाल्याची असते तशी.

चोवीस इंची म्हटल्यावर सुगंधाचा चेहरा पडला. "केवढी उंच! पाय कसा टेकणार?" म्हटलं, माझा टेकतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

वाट लागली. लेडीज सायकल!

झालं असं. आमचे घरमालक लिओनार्ड अंकल, इथले मूळचे, चर्चपासचं हे कौलारू घर त्यांच्या आज्याचं. त्यांची बहीण पेट्रिशिया नर्स होती, ती बहारिनला गेली. तिची सायकल मागच्या खोपट्यात पडून होती, वर कोंबड्या बसायच्या. सुगंधानं आणि ज्युलिया आंटीनं, म्हणजे लिओनार्डच्या बायकोनं, ती परस्पर बाहेर काढून, धुऊन, अंगणात उभी केली. मी चहा प्यायला बाहेर आलो तर समोर सायकल. निळी. पुढे दांडाच नाही, नुसता खाली वाकलेला पाइप.

"घेऊन टाक, मॅन," लिओनार्ड म्हणाला. "पेट्रिशिया आता उंटावर बसतेय. पडून पडून गंजणार. पैशाचं नाव काढू नको."

मी म्हटलं, अंकल, ही बायकांची आहे. पुरुषानं बसायची नाही.

तर सुगंधा सुरूच झाली. दांडा नसला की रेल्वेच्या फाटकाशी झटकन उतरता येतं. पाय मागून फिरवायला नको, पॅंट उसवायला नको. बांधणी ठेंगणी, तोल चांगला. आणि सीट काय, वर-खाली होते, ज्याला पाहिजे त्यानं पाहिजे तेवढी करावी. एवढी माहिती हिला कुठून? बहुतेक ज्युलियानं पढवलं असेल. मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिलो. बायको आपल्या नोकरीची एवढी काळजी करते हे बघून बरं वाटलं, आणि मी हो म्हणून बसलो.

२४ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर सायकल सीतारामकडे होती. पुढचं चाक आऊट होतं, म्हणजे फिरताना डुलायचं. त्यानं तारा आवळून सरळ केलं. नवे टायर, नव्या ट्यूबा, ब्रेकची रबरं, घंटी. कॅरिअर मात्र दणकट घे असं सुगंधानं दोनदा बजावलं होतं, तसं घेतलं. शिवाय चेनवर पूर्ण झाकण बसवायचंच असा तिचा हट्ट. "पॅंटला ग्रीस लागलं तर धुणार कोण?" मुद्दा बिनतोड. साडी अडकू नये म्हणून बायकांच्या सायकलींना लावतात तसलं झाकण बसवलं.

मागचं फ्रीव्हील बदललं हे महत्त्वाचं. जुन्यावर अंधेरीचा पूल चढून बघितला तर मांड्या भरून आल्या. सीताराम म्हणाला, मागे जास्त दात्यांचं टाका, पाय हलके होतील, पळणार थोडी कमी. मी मधलं घेणार होतो, सुगंधा म्हणाली त्याहून मोठं घ्या. वाटेत महाकालीचा चढ आहे ना! बरोबरच.

सीटची उंची मी स्वतः बसवली. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. नळीवर कानशीनं बारीक खूण केली, म्हणजे सीट सरकली तर कळेल. तपासणी खात्याचा माणूस आहे शेवटी.

१ डिसेंबर, रविवार

माझे गुणाजीमामा परळहून आले. देवाला सांगितल्याशिवाय चाक रस्त्यावर लावायचं नाही, असा त्यांचा निरोपच होता. अंगणात सायकल उभी केली, हँडलला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, पुढे नारळ. मामांनी डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं, असं की चर्चमधून घरी चाललेली माणसं कुंपणाशी थांबली.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ह्या लेकरान ही सायकल घेतलेली असा. तेका वेळेर कामार पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो.

"ह्येच्या टायरात खिळो घुसाक देव नको, आणि कोण वाकड्या नजरेन बघित असात तर तेचाच चाक पंक्चर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण ह्या सायकलीर बसात, तेका सुखरूप व्हर आणि सुखरूप हाड रे म्हाराजा!"

सुखरूप ने आणि सुखरूप आण म्हटल्यावर सुगंधाचं "व्हय म्हाराजा" एवढं जोरात आलं की कोंबड्या उडाल्या. लिओनार्डनंही मागे राहायचं नाही म्हणून आतून बाटलीतलं पवित्र पाणी आणून शिंपडलं. आता दोन्हीकडून बंदोबस्त झाला.

२ डिसेंबर

पोचलो! कर्णिकांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं. लाल पेन्सिल जागची हलली नाही.

खात्यात मात्र सगळ्यांनी "या वहिनी" म्हणून स्वागत केलं. जयवंत सर्वांत पुढे. हसतील हसतील आणि गप्प बसतील.

घरी चारला. एवढा थकलो होतो की चहा पिऊन जो आडवा झालो तो दिवे लागेपर्यंत.

९ डिसेंबर

रोज वेळेवर. आंबोलीचं फाटक बंद असलं तरी बाजूच्या फटीतून सायकल आडवी करून काढता येते. मांड्या दुखायच्या थांबल्या. दुपारची झोप एकदम गाढ लागते, सुगंधा म्हणते की कानाशी ढोल वाजवला तरी उठणार नाही.

सुगंधा गेल्या आठवड्यात मोरीत घसरली. गुडघा आणि कोपर चांगलंच सोललंय. म्हटलं, मोरी घासून घेत जा. दुसऱ्या दिवशी परत घसरली. यावेळी दुसरा गुडघा.

१३ डिसेंबर

सीट दोन बोटं खाली. खुणेवरून लगेच कळलं. पाना शोधला तर पाना गायब. लिओनार्डची पक्कड आणून सीट वर केली.

१६ डिसेंबर

सीट परत खाली. सीतारामकडे गेलो आणि त्याला चार शब्द सुनावले. त्यानं नट खोलून दाखवला, आटे नवेकोरे. "शिवदासशेठ, ही आपोआप सरकणार नाय. कोणीतरी सरकवलीय," म्हणाला. सायकल अंगणात असते, अंगणाला फाटक, आत आम्ही दोन घरं. कोण सरकवणार? लिओनार्डचं वजन बघता तो सायकलवर बसला तर सीट नाही, सायकलच खाली जाईल.

१९ डिसेंबर

कहर झाला. आज सीट एक बोट वर! खाली सरकते हे समजू शकतो, वर कशी सरकेल? सुगंधाला सांगितलं तर ती पाठ करून तांदूळ निवडत होती, खांदे हलत होते. खोकला झालाय वाटतं.

२९ डिसेंबर, रविवार

मामा आले होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सीटपासून चाकापर्यंत हात फिरवला, माझी कानशीची खूण बघितली, ती सुगंधालाही दाखवली. मग अंगणातल्या विहिरीकडे बघून विचारलं, "हय राखणदार कोण?"

म्हणजे इथली जागा राखणारा. आमच्याकडे प्रत्येक वाडीला असतोच. तो आपल्या हद्दीत रोज फेरी मारतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून वर्षाला नव्या वहाणा ठेवायच्या. आंबोली काय, मालवण काय, जागा म्हटली की राखणदार आलाच. मामा म्हणाले, "तेका कोणी वर्सान्वर्सा वहाणा ठेवल्यानी नाय. आता आयती सायकल गावली. तो कित्याक चालतलो?"

मी चाट पडलो. एवढी साधी गोष्ट! सीट खाली कशाला? तर राखणदार ठेंगणा. सीट वर कशाला? तर परत ठेवताना अंदाज चुकला.

लिओनार्ड हे ऐकून छातीवर क्रूस काढत म्हणाला, "आमच्या विहिरीपाशी आहे कोणतरी. माझी आजी सांगायची." तोही गंभीर, मामाही गंभीर. सुगंधानं विचारलं, "मामानू, बाईमाणूस राखणदार असता काय?" मामा म्हणाले, कधी ऐकलेलं नाही.

संध्याकाळी विहिरीच्या कट्ट्यावर नारळ फोडला, विड्याचं बंडल आणि काडेपेटी ठेवली, हात जोडून सांगितलं की बाबा, सायकल खुशाल ने, पण सीट खुणेवर आणून ठेव आणि सात वाजता मला कामावर पोचू दे. फेब्रुवारीपर्यंत सांभाळ, मग वहाणा देईन.

३० डिसेंबर

सीट बरोबर खुणेवर! एक केसही इकडेतिकडे नाही. विड्या गेलेल्या. अंगावर काटा आला.

६ जानेवारी १९८६

आठवडा झाला, सीट खुणेवर. जयवंतला सांगितलं तर तो हसला. ज्याला सायकल येत नाही त्याला काय कळणार?

एक नवीन गोष्ट. मागच्या चाकाच्या तारांत आणि मडगार्डच्या आत रेती निघाली. बारीक, ओलसर, शिंपल्याचे तुकडे असलेली. मामांना कळवलं. ते म्हणाले, राखणदार वेशीवरून फिरतो, आणि इथली वेस समुद्राला लागते. म्हणजे स्वारी रोज दुपारी वर्सोव्याला जाऊन येते! राखणदाराची मजा आहे.

सुगंधाला हे सांगितलं तेव्हा तिनं ती रेती चिमटीत घेतली. मग म्हणाली, "तुम्हाला नाही का हो वाटत जावंसं?" मी म्हटलं, मला काय, मी आचऱ्याचा, पोटातून पोहत आलोय. पण परमनंट झाल्याशिवाय डोकं जागेवर येत नाही. लाटेकडे बघितलं तरी कर्णिक दिसतील.

१४ जानेवारी

तीळगूळ. सुगंधा उन्हानं काळवंडलीय. मी तिला सांगितलं, दुपारी वाळवणं घालत बसू नकोस. म्हणाली, बरं. हल्ली जेवताना गुणगुणत असते. मासळी मात्र एकदम ताजी मिळतेय. बोंबील तर काल असे होते की तव्यावर ठेवेपर्यंत हलतील की काय वाटावं. कोळीण दारावर येते म्हणाली. मी ती कोळीण कधी बघितली नाही, झोपेत असतो.

३ फेब्रुवारी

कर्णिक आज आपणहून बोलले. "गावडे, एवढेच दिवस नीट काढा. फाइल तयार आहे." सही मोठ्या साहेबांची, बुधवारी सव्वीस तारखेला. त्या दिवशी ज्यांची सही व्हायची ते सातला हजर पाहिजेत, नाहीतर प्रोबेशन आणखी सहा महिने. गेल्या खेपेला एकाचं वाढवलं होतं, मग त्याला काढूनच टाकला.

मला रात्री धड जेवण गेलं नाही. सुगंधानं पाठीवरून हात फिरवला. राखणदाराला विड्यांची दोन बंडलं ठेवली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

संपलं सगळं. पडून लिहितोय.

कामावरून येताना, अगदी आपल्या गल्लीच्या तोंडाशी, ज्युलिया आंटीचं डुक्कर आडवं आलं. मी ब्रेक दाबला, डावा पाय खाली टाकला, तो गटाराच्या फरशीच्या फटीत. सायकलला ओरखडाही नाही. घोटा मात्र दुधी भोपळ्याएवढा. डॉक्टरनं पट्टी बांधून सांगितलं, आठ दिवस पाय टेकायचा नाही.

आणि उद्या रिक्षावाल्यांचा बंद. लिओनार्ड टॅक्सी बघायला जाऊन आला, उद्या पहाटे यायला कोणी तयार नाही. बसपर्यंत लंगडत गेलो तरी रांगेत उभा राहू शकत नाही.

रडलो. लिहायला लाज कसली? सुगंधापुढेच रडलो. मी म्हटलं, मिल बंद पडल्यापासून चार वर्षं सगळं परमनंटवर ढकलत आलो, आता तेच गेलं. तिनं पट्टीच्या कडेनं हळद लावली आणि उठून गेली. मला तिचा थोडा रागच आला. दोन शब्द तरी बोलायचे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कुठून सुरू करू?

सहा वाजता सुगंधानं मला उठवलं. कपडे घातले, डबा भरला, दंडाला धरून अंगणात आणलं. सायकल फाटकाकडे तोंड करून उभी होती. तिनं पदर खोचला, निऱ्या थोड्या वर घेतल्या, मिसळणाच्या डब्यामागून पाना काढून आणला. तोच पाना. मी डिसेंबरपासून शोधत होतो तो! नट ढिला केला, सीटवर तळहातानं एक थाप मारली, दोन बोटं खाली, नट आवळला. एवढ्या सफाईनं सीतारामही करत नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी फक्त एवढंच म्हणालो, "राखणदार?"

"मागे बसा," ती म्हणाली. "उशीर होतोय."

मी कॅरिअरवर बसलो. एका बाजूला दोन्ही पाय, पुढ्यात डबा, बायका बसतात तसा. ज्युलिया आंटी दारातून ओरडली, "गो, सुगंधा, गो!" गल्लीत मी डोळे मिटून घेतले होते. रेल्वेच्या फाटकाशी उघडले. फाटक बंद. ती म्हणाली, "उतरा, माझ्या खांद्यावर हात ठेवा," आणि सायकल आडवी करून फटीतून काढली, मला एका पायावर नाचवत रूळ ओलांडून नेलं, परत बसवलं. हायवेला ट्रकवाल्यानं हॉर्न मारला तर हिनं घंटी मारून उत्तर दिलं.

महाकालीच्या चढाला तिचा श्वास ऐकू यायला लागला. पाठीवर ब्लाउज भिजून चिकटला होता. मी म्हटलं, उतरतो, लंगडत येतो. "बसा गप!" सहा वर्षांत ती माझ्यावर पहिल्यांदा ओरडली. ती पायडलवर उभी राहिली आणि चाक सावकाश, पण न थांबता, वर चढत राहिलं. ते मोठं फ्रीव्हील कोणाच्या पायांसाठी घेतलं होतं, ते मला त्या चढावर कळलं.

गेटमध्ये शिरलो आणि भोंगा झाला. सगळं खातं दाराशी. जयवंतनं तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. "या वहिनी" म्हणायला आज खऱ्या वहिनी आल्या होत्या, आणि एकाची हिंमत झाली नाही. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवली. कर्णिक खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांनी सुगंधाला विचारलं, "पाणी घेणार का, ताई?"

दिवसभर बसून व्हॉल्व्ह तपासले. एकही धड दिसला नाही, डोळे सारखे भरून येत होते.

संध्याकाळी विचारलं, "कधी शिकलीस?"

"तुम्ही झोपता तेव्हा. आधी चर्चच्या मागे, मैदानात. ज्युलिया आंटी मागून धरायच्या."

म्हणजे मोरी वगैरे काही नव्हतं. म्हटलं, "मला सांगायचंस तरी."

"सांगणारच होते. पण तुम्ही एवढ्या भक्तीनं हात जोडून उभे, मग कसं सांगू? मला तुमची दया आली."

"आणि विड्या?"

"लिओनार्ड अंकल ओढायचे."

मला राग यायला हवा होता. हसूच आलं, आणि त्याच्याखाली लाज. व्हॉल्व्हमधली चीर दिसते, घरातलं माणूस दिसत नाही. मी असा का आहे कोण जाणे.

२८ फेब्रुवारी

परमनंट! पत्र हातात आहे. मामांना तार केली. ते म्हणतील गाऱ्हाणं फळाला आलं. म्हणू देत.

घरी येऊन मी पत्र सुगंधाच्या हातात दिलं आणि मोठ्या रुबाबात म्हटलं, "बोललो होतो ना? रविवारी तुला वर्सोवा दाखवतो." ती हसली. सहा वर्षांनी समुद्र बघणार म्हटल्यावर हसणारच. कागदावर रस्ता काढून ठेवलाय, म्हणजे चालवताना ती चुकायला नको.

२ मार्च, रविवार

घोटा अजून दुखतो, त्यामुळे परत कॅरिअरवरच. मी मागून रस्ता सांगत होतो. "आता डावीकडे घे" म्हणेपर्यंत ती डावीकडे वळलेली असायची. सात बंगल्यापाशी मी नकाशा उघडला तर म्हणाली, "वाऱ्यानं उडेल, ठेवा खिशात." खड्डे चुकवत होती, पुढचा खड्डा दिसायच्या आधीच.

मला वाटलं, बाईला दिशा चांगली कळते.

कोळीवाडा ओलांडला, बोंबील वाळत घातलेल्या काठ्या लागल्या, आणि पुढे एकदम सगळा समुद्र. भरती होती. मी म्हणणार होतो, "बघ, आणला की नाही!" तेवढ्यात काठ्यांपलीकडून एका म्हाताऱ्या कोळणीनं हाक मारली.

"आयलीस का गो सुगंधा?" मग तिनं कमरेवर हात ठेवून मला आपादमस्तक न्याहाळलं. "न् यो कोन? परमनंटवाला?"

सुगंधा लाजली. "हो जानकीमावशी. झाले परवा."

"झाला का गो! बरा झाला!" म्हातारी माझ्याजवळ आली, अंगाला मासळीचा वास, आणि माझी हनुवटीच धरली. "रोज यं बसून सांगत व्हती. बोलली, माजा नवरा आचऱ्याचा हाय, पर मिल बंद झाल्यापासून त्यानं समिंदर बगितला नाय. त्यो परमनंट झाला का त्याला आनीन म्हनं."

सुगंधा सायकल स्टँडवर लावत होती. वाळूत स्टँड रुतत होता, म्हणून तिनं खाली एक चपटा दगड ठेवला. तो दगड कुठे असतो ते तिला ठाऊक होतं. मग तिनं येऊन माझा हात खांद्यावर घेतला आणि मला पाण्यापर्यंत नेलं. पट्टीचा पाय वर धरून मी एका पायावर उभा राहिलो. लाट आली, पायाखालची वाळू सरकली. मी खरंच चार वर्षांत समुद्र बघितला नव्हता. मला हवा होता हेसुद्धा मला कधी सुचलं नव्हतं, ते तिला ठाऊक होतं.

मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन. सुगंधानं खांदा काढून घेतला नाही.

मागून जानकीमावशी म्हणाली, "राऊ दे गो त्याला. पयल्या टायमाला खारा वारा लागला का व्हतं असं."